पोळ्याचे मातीचे बैल

मातीकामाचा तास म्हणजे सगळ्या शाळेला खेळ वाटायचा, मला सोडून. पवना नदीची चिकणमाती मुलांच्या कोपरापर्यंत चढायची, तिथून पाटीवर, पाटीवरून माझ्या पातळाला. संध्याकाळी विहिरीवर ते धूत बसले की बायका म्हणायच्या, "बाई, माती तर पोरं घरी बी मळत्यात, साळंत कशापायी धाडायची?" मुलांच्या हातांना काम द्या, असा वरून हुकूम होता. हुकूम काढणाऱ्यांची धोतरं पांढरीशुभ्र असायची.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याहून आलेली हंगामी शिक्षिका, शाळेतच फळ्यामागच्या खोलीत राहायची. आई पुण्यात मामाकडे होती, म्हणजे त्यांच्या घरच्या पोळ्या लाटायची आणि वर त्यांचे उपकारही मानायची. मी कायम झाले की गावात खोली घेऊन तिला घेऊन येणार होते. दुसरं काही मला नकोच होतं.

कायम करायचं की नाही, ते शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटी साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. साहेबांना हातकाम बघायचं होतं. म्हणून महिनाभर चौथीकडून बैल करून घेतले. वाळता वाळता शिंगं गळायची, पाय तडकायचे, की पुन्हा माती भिजवा. गावातल्या मुसलमान नालबंदाची मुलगी तेवढी खूर नीट करायची. बापाला बैलांना नाल ठोकताना रोज बघत होती. नमुना म्हणून मीही एक केला होता, तो बैल कमी आणि बकरी जास्त दिसायचा.

साहेब यायच्या आदल्या दिवशी, भाद्रपद अमावास्येला, इकडचा पोळा होता. मुलं मागे लागली, "बाई, आजच्या दिस बैल घरी नेतो. पूजा झाली की उद्या आनतो." वाद घालायचा मला कंटाळा आला होता. न्या म्हटलं, पण सकाळी एकूण एक परत पाहिजे.

सकाळी साहेब सायकलवरून आले आणि थेट बैल मांडायच्या फळीपाशी गेले. फळी रिकामी होती.

"बैल कुठायत रे?" मी विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी नालबंदाची मुलगी उठली. "नदीत सोडलं, बाई. पुजल्यालं परत फळीवर न्हाई ठिवायचं, आसं समदी मोठी मानसं म्हनली."

गणपती बुडवतात हे मला ठाऊक होतं. बैलांचं कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "मुलं गुणी आहेत," ते म्हणाले, "पण बाई, मी काय पाहिलं म्हणून लिहू?" चहा घेऊन ते गेले आणि माझं कायम होणं वर्षभर पुढे गेलं. मुलांचा, त्यांच्या आयाबापांचा, त्या नदीचासुद्धा मला संताप आला. मुलांना लवकर घरी सोडून दिलं.

नालबंदाची मुलगी तेवढी दाराशी घुटमळत राहिली.

"का गं, घरी नाही जायचं?"

"तुमचाबी नेला हुता, बाई."

"काय?"

"बैल. आमच्यात पुजत न्हाईत, म्हून माजा शेजारच्या आज्जीच्या पाटावर ठिवला. त्येच्याशेजारी तुमचा. तुमचं हितं घर कुटं हाय?"

मी खुर्चीत बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "निवद दाखवला का?"

"व्हय. पुरनपोळीचा."

आई तेव्हा मामाकडे दुसऱ्यांच्या पोळ्या लाटत असेल. मी पदर तोंडाला लावला आणि त्या पोरीदेखत रडले. ती घाबरून जवळ आली आणि हात फ्रॉकला पुसत म्हणाली, "रडू नगा ना बाई. दुसरा करू की."