रोमुआल्दाबाईंची नावांची यादी

रोमुआल्दा आर्गेता यांची व माझी ओळख सीमेपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत, प्रौढांच्या वर्गात झाली. आम्ही एकाच बाकावर अक्षरे गिरवीत असू. मी एकसष्ट वर्षांचा होतो, त्या अठ्ठावन्नच्या.

त्यांची वाडी एल साल्वादोरच्या उत्तरेकडच्या डोंगरात होती. यादवीच्या दुसऱ्या वर्षी सरकारी फौजेने तिला वेढा घातला आणि बायापोरांसह सर्वांना ठार केले. रोमुआल्दाबाई घायपाताच्या कुंपणात दडल्या म्हणून वाचल्या. त्या फौजेला बंदुका आणि शिक्षण दिले होते परक्या, बलाढ्य सरकारने.

पुढे त्याच सरकारच्या वकिलातीचा साहेब चौकशीस छावणीत आला. बाईंनी त्याला घरामागून घर अशी एकशे बारा नावे सांगितली. मीही त्याच डोंगरातला; आमच्याकडे बाप्तिस्म्याचे नाव पाद्र्याच्या वहीत राहते; माणूस जगतो तो हाकेच्या नावाने. बाईंनी तीच सांगितली : बोकड्या, काजळी, लांब्या, पाणगोजा.

दुभाष्या हसला. "अहो बाई, ही माणसं की जत्रेतली सोंगं?"

"सोंगं तुझ्या साहेबाच्या घरी. काजळी माझी सून होती. लिही गपचूप!"

साहेबाने तालुक्याची जन्मनोंद तपासली. या नावांची माणसे कधी नव्हतीच, म्हणून कत्तलीस पुरावा नाही, असा अहवाल त्याने धाडला. त्याच्या सरकारला तेवढेच हवे होते. बंदुकांची नवी खेप आली.

हे कळल्यावर बाई चौथ्या दिवशी प्रौढांच्या वर्गात प्रथमच येऊन बसल्या.

"आधी जीव घेतला, आता जन्मच खोडला," त्या मला म्हणाल्या. "पाटी सरकवा, दादा."

लिहिता येऊ लागल्यावर त्यांनी पाद्र्याकडून बाप्तिस्म्याच्या वहीची नक्कल मागवली. आईबापांच्या नावांवरून एकेक माणूस ओळखण्यास दोन वर्षे लागली. मध्येच त्या हसत. "बोकड्या म्हणजे आपोलोनियो? त्याला तरी ठाऊक होतं का हो?" सत्त्याण्णव नावे जुळली. उरलेली पंधरा बाप्तिस्म्याआधीच मारली गेलेली तान्ही बाळे होती.

युद्ध संपल्यावर चौकशी मंडळापुढे बाईंनी ती यादी स्वतः वाचली. मग वाडीतली जमीन खणली गेली, आणि हाडे निघाली.

वाडीत मेलेल्यांच्या नावांचे दगड बसवायचे ठरले. मंडळाच्या कारकुनाने नोंदीतली नावेच द्या असे बजावले. माझे अक्षर सरळ, म्हणून पाथरवटासाठी नक्कल मला करायची होती. बाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"दादा, नोंदीतलं नाव खालच्या ओळीत घाला," त्या म्हणाल्या. "वर काजळी लिहा."