डोंगरबाई

सगळं पनवेल मला तोंडपाठ हाय. पाठ करावंच लागलं, वाचता कुठं येतंय! रिक्षा चालवतो ती देवळं, झाडं आन् वडापावच्या गाड्या बघून. म्युनिसिपालिटीनं एक वड तोडला, तर मी दोन दिवस माझंच घर शोधत होतो.

स्टँडवर आमी त्यांना डोंगरबाई म्हणायचो. साठी ओलांडलेल्या, रिटायर मास्तरीणबाई, साडीला कडक इस्त्री. पण घर बघायला गेल्या की पहिलं काम काय, तर कोऱ्या फरशीवर सरळ आडव्या व्हायच्या. एजंट घाबरून पाणी शोधायचा. बाई पडल्या पडल्या विचारायच्या, "पलंग इथे येणार. इथून डोंगर कुठे दिसतो?"

त्यांचे मिस्टर अंथरुणाला खिळलेले. जवानीत दर रविवारी कर्नाळा चढायचे म्हणे. आता त्या किल्ल्याचा सुळका पलंगावरून रोज दिसावा, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी मुंबईचं घर सोडून इकडं यायचं ठरलं होतं.

महिनाभर मी बाईंना फिरवलं, मीटर न टाकता, मी सांगेन त्या भाड्यात. आमच्याकडं बिल्डिंगींची नावं सगळी डोंगराची, आन् खिडकीतनं दिसतात समोरच्याच्या वाळत घातलेल्या चड्ड्या. कामोठ्यात एकानं डोंगर दाखवला, पण तो बघायला कमोडवर चढावं लागत होतं. बाई म्हणाल्या, "मग ह्यांना संडासातच ठेवू का?"

गव्हाणकडं मी हौसेनं नेलं, म्हटलं माझ्या ओळखीचा डोंगर हाय. बाईंनी बघितलं. "अरे, हा तर उष्ट्या लाडवासारखा दिसतोय." मागल्या खेपेला आलो तेव्हा अख्खा होता. मधल्या काळात त्याची खडी झाली, मला कुणी कळवलं नाय.

एका साईटवर डोंगरातल्या आदिवासी वाडीच्या बाया डोक्यावर विटा घेऊन चालल्या होत्या. एजंट म्हणाला, "मॅडम, डोंगर दिसणाऱ्या फ्लॅटला एक्स्ट्रा चार्ज पडेल." बाईंनी त्या बायांना विचारलं, "काय गं, तुम्हाला किती मिळाले डोंगराचे?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एजंट नाय हसला.

शेवटी कर्नाळ्याच्या बाजूला तिसऱ्या माळ्यावर घर सापडलं. बाई आडव्या झाल्या त्या पंधरा मिनिटं उठल्याच नायत. खिडकीत अख्खा सुळका! खाली आलो, तर समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ही एवढी मोठी पाटी. बाईंचा चष्मा घरी राहिलेला. म्हणाल्या, "वाच रे, काय लिहिलंय?"

आता मास्तरीणबाईंपुढं कसं सांगायचं, की मी अंगठाबहाद्दर हाय? म्हटलं, "इथं कचरा टाकू नये."

बाईंनी घर घेतलं. मला वाटलं, काय पुण्याचं काम केलं आपण! सहा-सात महिन्यांनी त्या प्लॉटवर खड्डा खणला. स्टँडवरची पोरं म्हणाली, "वीस माळ्यांचा टॉवर येतोय. पाटी नाय वाचलीस?" त्या दिवसापासनं मला जेवण गोड लागंना. रोज तिथनं जाताना माळे मोजायचो. मिस्टर गेले तेव्हा टॉवर एका माळ्यावर होता. पुढच्या वर्षभरात सुळका पार झाकला गेला.

बाई लेकीकडं नाशिकला निघाल्या. एसटी स्टँडला सोडायला मीच. सिग्नलला रिक्षा थांबली आन् माझा बांध फुटला. "बाई, मला वाचता येत नाय. त्या पाटीचं मी खोटं बोललो. तुमच्या घराचं वाटोळं केलं मी."

"माहितीये. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून मी स्वतः वाचली ती."

"मंग तरी घर घेतलंत?"

"डॉक्टरांनी ह्यांना सहा महिने सांगितले होते. म्हटलं, सहा महिन्यांत इथला बिल्डर काय उभं करणार? ह्यांनी चांगलं वर्षभर बघितला डोंगर."

मी डोळे पुसले. मंग डोकं चाललं. "पण बाई, दुसऱ्या दिवशी तर मी तुमाला आणलंच नव्हतं."

"दुसरी रिक्षा केली," बाई म्हणाल्या. "तो मीटरने आला."