दोरीवरचे दोघे

आमच्या थिएटरात पडद्यामागची सगळी माणसं मामाला मामाच म्हणत. नायकापासून झाडूवाल्यापर्यंत. कोणाचा मामा, हे कोणी विचारलं नाही. पुढे त्याच्या मुलीचं लग्न झालं आणि जावईही मामा म्हणू लागला, तेव्हा तो मला म्हणाला, "राजे, एक तरी हक्काचा मिळाला." मी आयुष्यभर राजांच्या भूमिका केल्या, म्हणून मी राजे. दोघांच्याही पदव्या फुकटच्या.

मामा दोरीवर होता. चौतीस वर्षं. पडदे, रंगवलेले देखावे, वरून खाली येणारे ढग, सगळं त्याच्या हातातून यायचं. त्याने एकही नाटक समोरून पाहिलं नव्हतं. विंगेत भिंतीकडे तोंड करून तो उभा असायचा आणि नाटक कानाने ओळखायचा. एकदा प्रयोगानंतर मला म्हणाला, "आज शेवटच्या वाक्याआधी दोनदा श्वास घेतलात. मी पडदा सोडून बसलो होतो, परत धरला. हे बघा." तळहातावर दोरीचा लाल पट्टा उठला होता. मी माफी मागितली, तर म्हणाला, "अहो, तुमचं काम श्वास घ्यायचं, माझं धरायचं."

त्याचा जोडीदार मौनी. दिवसाला वीसेक शब्द बोलायचा, त्यातले निम्मे "हं". रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये, आग लागली तर खाली सोडायचा, एक लोखंडी पडदा होता. त्याचा दांडा मौनीकडे. दांडा ओढला की पडदा आपल्या वजनाने खाली यायचा. तो पडदा म्हातारा झाला होता. तालमीच्या वेळी मध्येच वीतभर घसरायचा आणि कर्रकर्र आवाज करायचा. माझ्या वेळीही घसरायचा. ऐन स्वगतात घसरला की मी ओरडायचो, "बांधा रे त्याला कोणीतरी!" मग मामा शिडीच्या पंधरा पायऱ्या चढून वरच्या सज्जात जायचा, दोरीने पडदा कठड्याला बांधायचा आणि प्रयोगाआधी सोडायचा. नियमात हे बसत नव्हतं. पण तालीम नीट व्हायची आणि आम्ही खूष असायचो.

दोरीवरच्या माणसांचा एक कायदा असतो, तो कुठे लिहिलेला नसतो. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही, सोडली का म्हणून विचारायचंही नाही. विचारणं म्हणजे अपमान. डोक्यावर टनभर सामान टांगलेलं असताना माणसं अशीच एकमेकांवर विसंबून असतात. मौनीने सव्वीस वर्षांत मामाला एकदाही विचारलं नाही.

मी थिएटर सोडलं त्याला दहा वर्षं झाल्यावर तिथे आग लागली. दुपारचा प्रयोग होता. मागच्या रंगवलेल्या पडद्यांनी पेट घेतला. मौनीने दांडा ओढला. लोखंडी पडदा हातभर खाली आला आणि अडकला. तो पूर्ण खाली आला असता तर आग आणि धूर रंगमंचावरच कोंडले असते आणि लोक दारांनी बाहेर पडले असते. एकेचाळीस माणसं गेली. चाळीस प्रेक्षागृहात आणि एकेचाळिसावा मौनी, विंगेत.

मामा त्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीत होता. दाढ काढायला सुई दिली होती. कोणीतरी बातमी आणली तसा तो तोंडात कापूस घेऊन धावत आला. त्याला काही विचारलं तर ओठ हलायचे, शब्द यायचा नाही. आम्हाला वाटलं, सुईचा परिणाम असेल.

चौकशी आठ महिने चालली. अहवाल आला, त्रेसष्ट पानांचा. त्यात लिहिलं होतं की दिव्याची तार तापून आग लागली. दांडा ओढलेला होता. पण पडदा वरच्या सज्जात दोरीने बांधलेला होता. सज्जाचा तो कोपरा जळला नव्हता. तिथल्या काजळलेल्या गाठीचं छायाचित्रही होतं. गाठ कोणी बांधली हे निश्चित करता आलं नाही, असंही होतं.

हे कोणाला पटलं नाही. न्हाव्याच्या दुकानात, बसथांब्यावर, सगळीकडे एकच. "एवढी माणसं गेली आणि कारण काय, तर दोरी?" "सरकारी कागद, राजे. चहाचा कप ठेवायला बरा." हळूहळू दुसरी हकिगत तयार झाली. मालकाला त्या जागेवर दुकानं बांधायची होती. आग त्यानेच लावली. दांड्यावरच्या माणसाला पैसे चारले. मौनीने दांडा ओढलाच नाही. त्याला मागच्या दाराने पळून जायचं होतं, पण पुरावा नको म्हणून मालकाने तेही दार बाहेरून लावलं.

नाटक म्हणून ही हकिगत चोख होती. खलनायक होता, फितुरी होती, फितुराला शिक्षा होती. अहवालात काय होतं? एक तार आणि एक दोरी. मी स्वतः ती हकिगत चारचौघांत सांगितली आहे. आवाज लावून, मागच्या दारापाशी थांबून.

ती सर्वांत जोरात मांडायचा मामाचा जावई. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, हुशार माणूस. त्याचा धाकटा भाऊ त्या प्रयोगाला चौथ्या रांगेत बसला होता. जावयाने समिती काढली. अहवालाच्या प्रतीवर लाल शाईने खुणा केल्या. "अख्खी इमारत जळते आणि दोरी शिल्लक राहते?" असं तो विचारायचा. "गाठ नंतर बांधून फोटो काढलाय." भाऊ गेल्यापासून तो नीट जेवत नव्हता. या कामाने तो उभा होता. त्याच्याशी वाद घालायचं कोणाच्या मनात यायचं नाही.

मामा सभेला मागच्या बाकावर बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी कुठे होतो तिथे?"

एके सकाळी तो माझ्याकडे आला. चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिला. हातात अहवाल.

"राजे, ही गाठ बघा."

"बघितलीये. नंतर बांधलेली."

"दोरीचं शेपूट डावीकडून आत गेलंय. दोनदा. दोरीवर डावरा माणूस मी एकटा."

मी चष्मा लावला, उगाचच. मला गाठीतलं काही कळत नाही.

"सकाळी तालीम होती. बांधला. दाढ ठणकत होती, डोकं फुटत होतं. दुपारी सोडायचा राहिला आणि मी दवाखान्यात गेलो."

"चौकशीत सांगितलं नाहीस?"

"आठवत नाही म्हणालो."

"का?"

"आठवत होतं म्हणून."

त्याचा आवाज शिधापत्रिकेवरचा पत्ता सांगावा तसा होता. मी त्याला बस म्हणालो. बसला नाही. मग मला माझं ते ओरडणं आठवलं, बांधा रे त्याला कोणीतरी. मी ते बोलून दाखवलं. मामा म्हणाला, "तुम्ही दहा वर्षांमागे ओरडलात. गाठ त्या दिवशीची आहे." मला सूट देऊन टाकली, एका वाक्यात.

"मग आता का सांगतोस?"

"मौनीची बायको शिवणकाम करते. काल एका बाईने दिलेलं कापड परत नेलं तिच्याकडून. बेतून झालेलं, राजे. कापलेलं कापड घेऊन गेली. मौनीने पैसे खाल्ले म्हणून."

पुढच्या रविवारी शाळेच्या सभागृहात समितीची सभा होती. लहान मुलांचे बाक, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली मोठी माणसं. जावई बोलून बसला आणि मामा उभा राहिला. पुढे जाऊन बोल, असं कोणी म्हणालं. तो गेला नाही. मागच्या भिंतीपाशी उभा राहूनच म्हणाला, "दांडा ओढला होता. पडदा मी बांधला होता. सोडायला विसरलो."

मग जावई उठला आणि त्याच्याजवळ गेला. त्याने मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, कोण आलं होतं घरी?"

"कोण येणार?"

"मालकाचा माणूस? धमकी दिली का? घाबरू नका, आम्ही आहोत."

"अरे, माझी गाठ मला कळत नाही का?"

"तुम्ही दवाखान्यात होता, मामा. पावती आहे घरी, मी बघितलीये." मग लोकांकडे वळून तो म्हणाला, "बघा. चौतीस वर्षं इमानाने राबलेला माणूस. त्याच्या तोंडून काय वदवून घेतलंय बघा!"

त्याचा आवाज फुटला. तो खोटं बोलत नव्हता. बोलला त्यातल्या प्रत्येक शब्दावर त्याचा विश्वास होता. एक बाई म्हणाली, "बिचारे मामा." कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. मामासाठी. उभं राहून. मी पन्नास वर्षांत अशा टाळ्या मोजून चार वेळा मिळवल्या असतील. मामा हात खाली सोडून उभा होता. टाळ्या संपल्यावर काय करायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "राजे, उद्या माझ्याबरोबर चला. मौनीच्या बायकोला अहवाल वाचून दाखवा. मला अडखळायला होतं."

मौनीची बायको जिन्याखालच्या खोलीत राहायची. आम्ही गेलो तेव्हा ती मशीनवर होती, पण सुईखाली कापड नव्हतं. मामाला बघून तिने पदर सारखा केला.

"या, भाऊजी. काल तुमच्यासाठी टाळ्या वाजल्या म्हणे."

"वहिनी, तुम्ही अहवाल वाचलाय?"

"खोटा आहे म्हणतात ना? मग कशाला वाचू?"

मामाने सांगितलं. सभेत सांगितलं तेवढंच, तितक्याच शब्दांत. मग माझ्याकडे बघितलं. मी एकोणतिसावं पान उघडलं आणि सुरुवात केली. जीभ जुनी, सवय जुनी. दोन ओळींतच आवाज खाली गेला, योग्य जागी थांबला, थरथरला.

"असं नको," ती म्हणाली. "नाटक नको. साधं वाचा."

मी साधं वाचलं. 'दांडा पूर्ण खाली ओढलेल्या स्थितीत आढळला. मृत कामगाराचे दोन्ही हात दांड्यावर होते. मागील दार आतून उघडे होते व कामगाराच्या जागेपासून सात पावलांवर होते. ज्वाला व धूर यांचा वेग पाहता कामगार दांड्यापाशी किमान चार मिनिटे असावा.'

"दार उघडं होतं?"

"उघडं होतं," मामा म्हणाला.

"मग शिडीवर का नाही गेले? वर जाऊन दोरी कापायची."

मामा म्हणाला, "वर माझी गाठ असेल हे त्याला सुचलंच नसणार. दांडा अडकलाय, असंच वाटलं असेल. म्हणून ओढत राहिला."

तिने मशीनचं चाक हाताने थोडं फिरवलं. सुई वर आली, खाली गेली.

"मी गादी उसवली," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात. पैसे असतील म्हणून. सगळे इतकं म्हणत होते. उशा पण उसवल्या. पिठाच्या डब्यात हात घातला. सव्वीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर आणि पिठात हात घालून शोधलं." मग मला म्हणाली, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तिसऱ्यांदा 'दोन्ही हात' या शब्दांपाशी तिने मान हलवली, एखादं माप बरोबर आलं की हलवतात तशी. तिने माझ्या हातातून अहवाल घेतला आणि मशीनवर ठेवला.

"हा राहू दे इथे. कापड न्यायला जी येईल तिला वाचून दाखवीन. नाही पटलं तर नाही पटलं." मग मामाकडे वळून ती म्हणाली, "भाऊजी, मला तुमचा राग यायला पाहिजे. आत्ता येत नाहीये. काहीच येत नाहीये. पण येईल कधीतरी. आला की मी तुमच्याकडे येईन. तेव्हा घरी असा."

"असेन," मामा म्हणाला.

जावई त्याच्याशी अजून प्रेमाने वागतो, हळू बोलतो, आजारी माणसाशी बोलावं तसं. मामाने आणखी दोनदा सांगून बघितलं. जावयाने दोन्ही वेळा त्याचा हात हातात घेतला. समितीच्या पत्रकात आता मामाच्या नावाचं एक कलम आहे, दबावाखाली आलेला साक्षीदार म्हणून. मौनीच्या बायकोकडे दोन बायका परत आल्या. बाकीच्या आल्या नाहीत.

आम्ही म्हातारे सकाळी नदीकाठच्या बाकांवर जमतो. मामाही यायचा. परवा त्याला बोलवायला गेलो. दार सताड उघडं होतं. तो दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला होता, धुतलेला सदरा घालून.

"चल की. पंधरा मिनिटांत परत येऊ."

"नको राजे," तो म्हणाला. "तेवढ्यात ती येऊन गेली तर?"