दिपोटीच्या दिवशी

माझी मंडळी, म्हणजे बायको, यंदा वारली. लोक भेटायला येतात, म्हणतात, फार गरीब स्वभावाची होती हो. खोटं आहे. चांगली भांडकुदळ होती.

पोरगी लहान होती तेव्हा आम्ही अकोल्यात, दोघंही कापसाच्या जीनमध्ये कामाला. मी चौथीत शाळा सोडलेली. तिनं शाळेचं तोंडच पाहिलं नव्हतं. पण आम्ही बौद्ध झालो अन् तिनं मनात धरलं, पोरीला मॅट्रिक करायचं.

पोरगी हायस्कुलात गेली. आमच्या पुऱ्यातली, म्हणजे बौद्ध वस्तीतली, सगळीच पोरं मागच्या बाकांवर. मास्तर शिकवायचे ते पुढच्या रांगांना. वर्षातून एकदा शाळा तपासायला साहेब यायचा, त्याला आम्ही दिपोटी म्हणायचो. आदल्या दिवशी मास्तर मागच्या पोरांना हळूच सांगत, उद्या येऊ नका. पोरं खुश, फुकटची सुट्टी! आम्हीही कधी काहून म्हणून विचारलं नाही.

नववीत पोरगी दिपोटीच्या दिवशी घरी दिसली. मंडळीनं तिची वेणी घातली, हात धरून शाळेत नेली. मी मागून. हेडमास्तर फाटकातच.

"बाई, आज हिला कशाला आणलंत?"

"काहून जी? शाळा बंद हाये का?"

तेवढ्यात साहेब आला अन् हेडमास्तर त्याच्याकडं धावले. पोरगी वर्गात, आम्ही दाराशी. आईबाप उभे दिसले म्हणून साहेबानं कौतुकानं तिलाच फळ्यापाशी बोलावलं. तिला गणित येईना. पुढच्या रांगा हसल्या. माझी मान खाली.

ही दारातून ओरडली, "तिले काय हसता रे? साहेब, तिले कोनं शिकवलं ते विचारा ना!"

साहेबानं मास्तरांना विचारलं, "हिला याआधी कधी फळ्यापाशी बोलावलं होतं?"

मास्तर खडू चोळत म्हणाले, "नाही, साहेब."

साहेबाच्या हुकमानं तिथून पुढं मागची पोरं पुढं बसली. मास्तर चिडून शिकवायचे, पण शिकवायचे.

तरी मॅट्रिकला पोरगी गणितात राहिली. मी म्हटलं, जाऊ दे, नशीब. मंडळी तिला घेऊन थेट हेडमास्तरांपुढं.

"एकटी पोरगी नापास नाई झाली, गुरुजी. तुमची शाळाबी झाली. आता पुन्हा शिकवा."

हेडमास्तर आधी लाल झाले, मग हसले. "पाठवा उद्यापासून."

पुढच्या खेपेला पोरगी पास झाली. त्या दिवशी ही कामावर गेलीच नाही. दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती. संध्याकाळी आवाज पार बसला. मी गरम पाणी आणून दिलं, तर प्यायलाही थांबेना.