तळहातावरचं इंजिन आणि टॉवेलचे गठ्ठे

"कशाला करत बसायचं? विकत मिळतंय की!" असं म्हणणाऱ्यांनीच या गावाचे हात बिघडवले, हा माझा सरळ आरोप आहे. नाव घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल!

असो. लेथखाली पितळेचा चुरा साचतो, तसे आमच्याकडे किस्से साचतात. झाडायला कुणाला वेळ नाही.

आम्ही तिघं. मेकॅनिकल करून बाहेर पडलेली मी, माझा वर्गमित्र श्रीनिवास आणि गॅरेजवाला सलीम. जागा सोलापूरच्या पूर्व भागात, श्रीनिवासच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, यंत्रमागाच्या शेडचा एक कोपरा. तिथं धातू कातायचा एक जुना लेथ. काम काय? बंद पडलेल्या गिरण्यांत असायचं तसलं वाफेचं इंजिन, पण तळहातावर मावेल एवढं. एकही भाग विकत आणायचा नाही, हा माझा हट्ट.

अण्णांना तो कोपरा हवा होता. शेवटी त्यांनी निकालच दिला, "खंडेनवमीला फिरवून दाखवा. न्हाय फिरलं, तर लेथ भंगारात आन् तितं टॉवेलचे गठ्ठे!"

*

आमचा एक नियम आहे. काही पडलं की कुणी पाय हलवायचा नाही. एकदा साखरेच्या दाण्याएवढा स्क्रू पडला. श्रीनिवास एका पायावर, मी अर्धी वाकलेली. सलीमनं स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर सगळी फरशी पालथी घातली. खिळे निघाले, सुया निघाल्या, अण्णांची हरवलेली किल्ली निघाली. स्क्रू नाही.

"पितळेचा आहे रे तो!" मी ओरडले.

"तो पहले बोलना था ना. चाबी तो मिली!"

*

तिळाएवढा नट पहिल्यांदा जमला, तेव्हा सलीम तो अम्मीला दाखवायला घरी घेऊन गेला. अम्मीनं उजेडात धरून बघितला.

"मेरे चमकी की फिरकी गुमी सो है. येच बिठा दे!"

बसली की! आम्ही दुसरा नट केला. सलीमची अम्मी आजही आमच्या इंजिनाचा एक भाग नाकात घालून बाजाराला जाते.

*

शेजारच्या कमलाक्का दारातून विचारायच्या, "हे काय करतंय?"

"फिरणार."

"फिरून?"

"फिरतच राहणार."

मला वाटलं, आता 'उपयोग काय' येणार. अक्का म्हणाल्या, "लेकरं पण तेच करत्यात. त्यांना कोण इचारतंय?"

*

पिस्टननं मात्र घाम काढला. जरा घट्ट झाला की अडकतो, जरा सैल झाला की हवा निसटते. मला तर दोन मिनिटं धीर धरवत नाही, पण एक रविवार नुसती घासत बसले. संध्याकाळी तो सिलिंडरमध्ये स्वतःच्या वजनानं, अगदी सावकाश उतरला.

मग श्रीनिवास हळूच म्हणाला, "परत एकदा सोड की."

*

खंडेनवमीच्या सकाळी सलीमनं गॅरेजमधला छोटा कॉम्प्रेसर आणला. वाफेऐवजी हवा. इंजिन भिरभिर फिरलं! अण्णा नेमके झेंडू आणायला गेले होते. आता त्यांच्यासमोरच, म्हणून आम्ही नळी काढून ठेवली.

अण्णांनी पूजा मांडली. माग, लेथ, कात्र्या, आमचे स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना हळदीकुंकू. आमच्या इंजिनावरही मूठभर अक्षता. तेवढ्यात बाहेर गठ्ठ्यांचा टेम्पो येऊन थांबला. वैराग गावचा ड्रायव्हर दारात उभा राहून बघू लागला.

नळी लावली. हवा सोडली. इंजिन हललं नाही.

"तांदूळ गेला आत," श्रीनिवास पुटपुटला. हवा जाते ते भोक नेमकं तेवढंच! झाकण उघडायचं तर स्क्रूड्रायव्हर हवा, आणि तो पूजेत. पूजेतलं हत्यार त्या दिवशी कुणी उचलत नाही. अण्णांच्या घरात तर नाहीच नाही.

मी अण्णांकडे बघितलं. ते इंजिनाकडे बघत होते. मग वाकले, पूजेतला सगळ्यात बारका स्क्रूड्रायव्हर उचलला, धोतराला कुंकू पुसलं आणि माझ्यापुढे धरला.

"लवकर कर, पोरी."

दाणा निघाला. चाक एकदा अडखळलं आणि फिरायला लागलं. अण्णा उकिडवे बसले आणि बघतच राहिले.

दारातून ड्रायव्हर म्हणाला, "मालक, मग हे गठ्ठे कुटं उतरवू?"