हरकत असल्यास रविवारपर्यंत

"हिच्यापुढे कर. ह्याच्यापुढे कर. ह्याच्यापुढे नको. हिच्यापुढे कर."

ताई माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून सांगत होत्या आणि मी माउस फिरवत होते. संस्थेचं शहापूरचं ऑफिस. दुपार. लाइट नुकतीच आली होती, पुन्हा कधी जाईल भरवसा नव्हता, म्हणून घाई. पडद्यावर एकाखाली एक नावं. प्रत्येक नावापुढं रिकामा चौकोन. चौकोनात दाबलं की बरोबरची खूण उमटायची.

शेवटी माझं नाव आलं. मी त्याच्यावरून पुढं सरकले.

"थांब. तुझ्यापुढे पण कर."

मी केली. माझ्या हातानं, माझ्या नावापुढं.

त्या खुणेचा अर्थ ताईंनीच थोड्या वेळापूर्वी समजावला होता. गावोगाव नळयोजना करणाऱ्या आमच्या संस्थेनं ई-मेलचा ग्रुप काढला होता. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. गावोगावच्या पाणी समित्यांची माणसं त्यात, आणि ज्यांच्या पैशावर नळ बसायचे ती ठाण्या-पुण्याची, परदेशातली माणसंही त्यात. पण सेटिंग असं लावायचं होतं की ज्याच्यापुढं खूण आहे त्याचं लिहिलेलं सरळ जाणार नाही. ते आधी ऑफिसच्या खात्यात येऊन अडणार. ताई वाचणार. त्यांनी 'सोडा' दाबलं तर सगळ्यांना जाणार. 'काढून टाका' दाबलं तर काही लिहिलं होतं हेसुद्धा कुणाला कळणार नाही. खूण नसेल त्याचं थेट.

"पण कशाला, ताई?"

"अगं, काळजी म्हणून. काही लोकांना कुठे काय लिहावं ते कळत नाही. बाहेरची माणसं वाचतात."

काही लोक. त्यात मी.

मी हिंगोलीकडची. आई-बाप ऊसतोडीला गेले आणि धाकट्याला सांभाळायला म्हणून मी आठवीत शाळा सोडली. पुढं थोरल्या बहिणीकडं आसनगावला आले. दाजी एका गोडाउनात कामाला. दोन खोल्या, त्यात मी वाढलेली. सकाळी उठले की पहिला विचार, आज बहीण कोणत्या तोंडानं बोलेल. अशात ताई भेटल्या. संस्था त्यांचीच. त्यांनी मला ऑफिस झाडायला ठेवलं, मग फोन घ्यायला, मग स्वतःच्या पैशानं कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. खुर्ची दिली. आमच्या घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. हे मी विसरले नाही. आजही विसरले नाही.

पण मला ताईंचा संशयही यायचा. आणि संशय आला की स्वतःची लाज वाटायची.

उदाहरण सांगते. ताई माझ्या डब्यातलं खायच्या. सगळ्यांसमोर, हातानं भाकरी मोडून. "हिच्या हातची चटणी खाऊन बघा." पाहुणे कौतुकानं बघायचे. मी फुगायचे. मग एकदा ध्यानात आलं की पाहुणे नसले की ताई माझा डबा खात नाहीत. सर्दी असते. उपास असतो. मी मनाला म्हटलं, असेल बाई उपास. प्रत्येक गोष्टीत तेच कशाला बघायचं? तरी पुढच्या वेळी पाहुणे आले, तेव्हा मी चटणी केलीच नाही. ताईंनी डब्यात डोकावलं आणि म्हणाल्या, "आज काय झालं?" मी म्हटलं, "मिरच्या संपल्या." मिरच्या होत्या.

आमच्या संस्थेत आडनाव लावायचं नाही अशी रीत होती. सगळे ताई, सगळे दादा. मला हे फार आवडायचं. इथल्या बाया पहिल्या दिवशी विचारायच्या, "तू कुठली गो?" हिंगोलीची म्हटलं की त्यांचं भागायचं नाही. "तसा नाय गो. कुठली म्हंजे, कुनातली?" ऑफिसात हे कुणी विचारायचं नाही. मी म्हणायचे, सुटले.

पण ई-मेलच्या पत्त्यांत आडनावं होती. लोकांनी सायबरवाल्याकडून खाती काढून घेतली तेव्हा त्यानं आडनावासकटच काढली. ताईंचं बोट पडद्यावरून फिरत होतं ते त्या पत्त्यांवरून.

त्या संध्याकाळी आसनगावला जाताना शेअर रिक्षात मी ती नावं मनात परत लावली. खूण कुणाला? धसईकडच्या बौद्ध वस्तीतल्या सुमनकाकींना. आदिवासी पाड्यावरच्या दोघा पोरांना. शहापूरजवळच्या वस्तीतल्या बचत गटवालीला. मला. आणि कुणाला नाही? सुमनकाकींच्याच गावच्या गुरुजींना नाही. ते रिटायर, गावात मोठं घर. गुरुजींच्या मुलाला नाही, तो तर चार ओळींत तीन शिव्या घालणारा. म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हता. मग कशाचा होता?

मला माहीत होतं कशाचा. पण ताईंनी क्लासची फी भरली होती. मी रिक्षातनं उतरले आणि बहिणीसाठी मेथीची जुडी घेतली.

सुमनकाकी म्हणजे पन्नाशीची बाई. वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस, पाणी समितीत वस्तीच्या वतीनं. पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा दारातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "जय भीम गो पोरी!" मीही जय भीम म्हटलं. ताई हसून म्हणाल्या, "सुमनताई, आपल्याकडे सगळ्यांचं एकच, नमस्कार." काकी म्हणाल्या, "तुमाला नमस्कार ताई. तिला जय भीम." आणि बसल्या. मला तेव्हा घाम फुटला होता. आता आठवलं की हसू येतं.

त्यांच्या गावच्या नळाची गोष्ट साधी होती. टेकाडावर टाकी बांधली. टाकीपासून दोन पाइप, एक गावात, एक वस्तीकडं. वस्तीच्या पाइपाला व्हॉल्व्ह, आणि त्याची चावी गुरुजींच्या घरी. आधी गावाचं भरायचं, मग वस्तीला सोडायचं असं ठरलेलं. गावाचं भरेपर्यंत टाकी रिकामी. वस्तीच्या बाया पहिल्यासारख्याच ओढ्यापलीकडच्या विहिरीला. नळ मात्र दिसायला होता. त्याचा फोटो संस्थेच्या पुस्तिकेवर छापला होता, मीच छापून आणला.

उन्हाळ्यात ताईंनी ग्रुपवर लिहिलं. सांगत त्या होत्या, टाइप मी करत होते. 'धसई भागातील पाणीयोजना पूर्ण झाली असे जाहीर करीत आहोत. कुणाची हरकत असल्यास रविवारपर्यंत ग्रुपवर लिहावे. हरकत न आल्यास सर्वांची संमती समजली जाईल.' एकदा पूर्ण म्हटलं की ठेकेदार मोकळा, उरलेला पैसा दुसऱ्या गावाला, आणि व्हॉल्व्ह आहे तसा. कायमचा.

दुसऱ्याच दिवशी गुरुजींचं आलं. थेट. 'सर्व ग्रामस्थांना पाणी मिळाले. सर्व समाधानी.' त्याच्याखाली अभिनंदनाची रांग लागली. कुणी पुण्याहून, कुणी अमेरिकेहून.

त्यानंतर सुमनकाकींचं आलं. आलं म्हणजे ऑफिसच्या खात्यात येऊन अडलं. त्या मुरबाडला जीपनं गेल्या होत्या, सायबरमध्ये पोराला सांगून लिहून घेतलं होतं. मराठीच, इंग्रजी अक्षरांत. 'वस्तीच्या नळाला पाणी येत नाय. व्हॉल्व्ह बंद ठेवतात. योजना पुरी झाली असं लिहू नका.' एवढंच.

ताईंनी वाचलं. चष्मा काढला, पुसला.

"हे असं थेट? गुरुजींना काय वाटेल? त्यांच्या जागेत टाकी आहे."

"मग सोडू का, ताई?"

"राहू दे तसंच. सोमवारी बघू."

"ताई, मुदत रविवारची आहे."

"मला माहीत आहे मुदत कधीची आहे."

मी हात माउसवरून काढला. ही बाई मला काढेल, मग बहीण काय म्हणेल, मग हिंगोली, मग कोयता. इतकं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं. ते अडलेलं पत्र मात्र तिथंच होतं. 'सोडा' आणि 'काढून टाका', दोन बटणं शेजारी शेजारी. ताईंनी दोन्ही दाबली नाहीत. त्यात त्यांचं कौशल्य होतं. त्यांनी नाकारलं असं कुणी म्हणू शकलं नसतं.

शनिवारी सुमनकाकी स्वतः आल्या. धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर. उन्हानं तोंड काळंठिक्कर. पाणी दिलं ते उभ्यानंच प्यायल्या.

"पोरी, आमी धाडलेला मेल पोचला का गो?"

मी ताईंकडं बघितलं. ताई फाइल चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोचला, सुमनताई. सगळ्यांनी वाचलाय."

"मंग कुनी कायच कसा नाय बोलला?"

"वाचतात हो सगळे. उत्तर द्यायला वेळ नसतो लोकांना."

काकी म्हणाल्या, "म्हंजे त्यांना चालतंय असा."

ताईंनी फाइलीचं पान उलटलं.

काकींनी मान हलवली. त्यांना राग आला नव्हता. धक्कासुद्धा बसला नव्हता. जे आयुष्यभर बघितलं तेच परत बघितलं, अशी ती मान हलली. एवढी माणसं, शिकलेली, विलायतेतली, सगळ्यांनी वाचलं आणि कुणालाच काही वाटलं नाही, हे त्या बाईनं खरं मानलं. पदर सावरला, पिशवी उचलली.

पाणी अडवलं ते एक. पण हे? माणसाला सांगायचं की तुझं ऐकलं सगळ्यांनी, आणि कुणाला तुझी पर्वा नाही. आणि ऐकलं तर कुणीच नव्हतं.

"काकी, थांबा," मी म्हटलं. "कुणीच वाचलेला नाही. तो इथंच अडलाय. ह्या मशीनमध्ये."

"अगं!" ताई उठल्या.

"इथंच? का?"

"तुमच्या नावापुढं खूण आहे. माझ्याही आहे. गुरुजींच्या नाही."

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मग ताईंकडं. "असा हाय होय," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवली.

ताई माझ्याकडं वळल्या. "तुला काय कळतं त्यातलं? तू आठवी नापास. तुला त्या खुर्चीवर कुणी बसवलं?"

"तुम्ही बसवलं. आणि नापास नाही, ताई. सोडली."

मी माउस पुढं ओढला. खातं उघडायला घेतलं. फोनलाइनवरचं इंटरनेट ते, जोडायलाच किती वेळ घ्यायचं, किरकिर करत. तोवर ताई बोलत होत्या. हात काढ. मी सांगतेय हात काढ. हे विश्वासानं दिलं होतं तुला. पासवर्ड विश्वासानं दिला होता.

मी 'सोडा' दाबलं.

मग सेटिंगात गेले. सुमनकाकींची खूण काढली. पाड्यावरच्या पोरांची काढली. बचत गटवालीची काढली. जतन केलं. माझ्या नावाशी आले तेव्हा ताईंनी फोनची वायर भिंतीतून उपटली. पडदा गोठला. काकींचं गेलं होतं. माझी खूण राहिली ती राहिलीच.

"गेला काय?" काकींनी विचारलं.

"गेला."

"आता पोचला म्हन."

ताई खाली बसल्या आणि रडल्या. "मी तुला मुलीसारखं वागवलं." ते खोटं नव्हतं. अवघड तेच आहे. त्यांनी खरंच जीव लावला होता, आणि खरंच खूण केली होती. दोन्ही एकाच हातानं. मी त्यांच्या पाया पडले नाही. भांडलेही नाही. डबा घेतला आणि काकींसोबत बाहेर पडले.

बहिणीनं त्या दिवशी जेवायला वाढलं नाही. "एवढं केलं त्या बाईनं तुझ्यासाठी, आन् तू?" ती म्हणाली. "आता पुन्हा कोण उभं करतंय तुला?" तिचंही चुकलं नव्हतं.

पुढचं काकींकडून कळलं. खुणा दोनच दिवसांत परत लागल्या. पण त्याआधी ग्रुपवर धुरळा उडाला. कुणी लिहिलं, इथं गावकीची भांडणं नकोत. कुणी म्हणे आमचं नाव काढा. एकानं मात्र विचारलं, व्हॉल्व्हची चावी कुणाकडं आहे? त्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. योजना पूर्ण झाली असं मात्र जाहीर झालं नाही. अजून अपुरीच लिहिलेली आहे. वस्तीला पाणी कधी येतं, कधी नाही. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी काकी सात-आठ बायांना घेऊन रिकामे हंडे गुरुजींच्या अंगणात नेऊन ठेवतात आणि तिथंच बसतात. मीही दोनदा जाऊन बसले.

मी आता मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. मुरबाडमध्येच एका बौद्ध वस्तीत खोली घेतली आहे. पगार ऑफिसपेक्षा कमी. खुर्ची नाही, उभ्यानं काम. ताईंचे उपकार कुणी काढले तर मी नाकारत नाही. झाले ते झाले, खरे होते. पण त्याच्या बदल्यात माझं तोंड कुणाला मिळणार नाही.

कंपनीत मिटिंग असते. सुपरवायझर भराभरा वाचतो. ओव्हरटाइम असा, सुट्टी तशी. मग कागद घडी करता करता विचारतो, "कुणाची हरकत नाही ना?"

मी हात वर करते.

"तुझं काय आता?"

"आधी परत वाचा. सावकाश. सगळ्यांना ऐकू येऊ दे. मग सांगते."

बाया हसतात. तो वैतागतो. वैतागू दे. तो परत वाचेपर्यंत मी हात खाली घेत नाही.