प्रज्ञाचं हायड्रोजनचं उत्तर

मित्रांनो, आत्ताच अंबडच्या कॉलेजातून घरी आलो.

माझ्या बीएस्सीच्या विद्यार्थिनीनं, प्रज्ञानं, आज प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हायड्रोजन बनवायच्या तीन पद्धतींची तुलना मांडली. नैसर्गिक वायूपासून, पण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याआधी अडवून. सौर विजेनं पाण्याचं विघटन करून. आणि पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांपासून.

परीक्षकांनी विचारलं, "देशानं सौर पद्धतच निवडावी ना?"

मला वाटलं, पोरगी 'हो' म्हणून मार्क घेईल. ती म्हणाली, "पाणी असेल तिथं बिलकुल निवडावी, सर. आमच्या आष्टीत उन्हाळ्यात प्यायलाच पाणी न्हाई. पऱ्हाटी मात्र आम्ही बांधावर जाळून राह्यलो."

परीक्षक हसून म्हणाले, "माझा प्रश्नच अर्धवट होता."

इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, पण पाण्याबद्दल मी कधी बोललोच नव्हतो. तुमच्या गावाला कोणती पद्धत जमेल?